जड पाणी प्यायलं तर नक्की काय होतं? (बोअरचं नव्हे, अणुभट्टीतलं)

वसुधा_ल
मंडळी, प्रश्न वेडगळ वाटेल, पण घरात दोन दिवस ह्यावरून रणकंदन चाललंय, म्हणून इथे टाकते.

आमच्याकडे (लातूरपासून पंचवीसेक किलोमीटर आत) मार्चमध्ये नवी बोअर मारली. पाचशे फुटांवर पाणी लागलं. लागलं ह्याचाच आनंद मोठा. पण तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं, "पानी जड हाय. डाळ शिजंना." खरंच, कुकरला सहा शिट्ट्या झाल्या तरी तुरीचा दाणा डोळे वटारून बघतोय. साबणाला फेस नाही, पातेल्याला आतून पांढरा थर. बोअरवाल्यानेही तेच सांगितलं, की जड पाणी आहे, वापरायला ठीक, प्यायला बघा बुवा.

इथवर सगळं घरगुती होतं. पण चिरंजीव अकरावी सायन्सला. त्याच्या डोक्यात 'जड पाणी' म्हणजे डीटूओ, अणुभट्टीत घालतात ते. त्याने कुठेतरी वाचलं की ते पाजलं की उंदीर मरतात. झालं! "आजी रोज दोन तांबे पितेय, तिला थांबवा." आजीने शांतपणे विचारलं, "मग मी मेले का?"

आमचं पाणी आणि ते पाणी वेगळं, एवढं मला कळतं (बहुतेक). पण आता कुतूहल सुटत नाही. ते दुसरं जड पाणी माणसाने खरंच प्यायलं तर काय होतं? विष आहे का? किरणोत्सर्गी आहे का? मुलगा म्हणतो एका ग्लासात माणूस खलास. जाणकारांनी सांगा.

खडूस_काका
सासूबाईंना दंडवत. प्रयोग करून निष्कर्ष काढणाऱ्या घरात त्या एकट्याच दिसतात.

घोळ भाषेचा आहे. क्षार जास्त असलेलं पाणीही आपण जड म्हणतो आणि ड्युटेरियमवालं (म्हणजे जड हायड्रोजनवालं, तेच ते डीटूओ) तेही जडच. पुस्तकवाल्यांनी पहिल्यासाठी 'दुष्फेन' असा शब्द काढला, म्हणजे ज्याला फेस येत नाही ते. शब्द चांगला आहे हो, पण बोअरवर उभं राहून "पाणी दुष्फेन लागलं" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

डाळ न शिजण्याचं कारण कॅल्शियम. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन असतं, कॅल्शियम त्याला आणखी घट्ट धरतं. चिमूटभर सोडा टाका, शिजेल. अणुभट्टीचं मला विचारू नका, त्यासाठी रेणूताईंना हाक मारा.

रेणू_रसायन
आले, आले.

वसुधाताई, मुलाला आधी हे सांगा की तो स्वतःही जड पाणी पितो. जन्मापासून. निसर्गातल्या हायड्रोजनमध्ये साधारण ६,४०० अणूंमागे एक अणू ड्युटेरियमचा असतो. मांजरा नदीत, नळाला, उसाच्या रसात, आईच्या दुधात, सगळीकडे. सत्तर किलोच्या माणसात ४२ लिटर पाणी धरलं तर त्यातलं ड्युटेरियम एकत्र करून सुमारे सात ग्रॅम जड पाणी होईल. सव्वा चमचा. ते आयुष्यभर आपल्यासोबत असतं आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

किरणोत्सर्गी? नाही. ड्युटेरियम स्थिर आहे. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एक प्रोटॉन एकटा असतो, ह्याच्या केंद्रकात त्याच्या शेजारी एक न्यूट्रॉन येऊन बसलाय, म्हणून वजन दुप्पट. बाकी रासायनिक स्वभाव तोच. अणुभट्टीत ते वापरतात ते न्यूट्रॉनचा वेग कमी करायला, आणि तेही एवढ्यासाठी की ते न्यूट्रॉन फारसे गिळत नाही.

दिसायला पाण्यासारखं पाणी. पण लिटरभर हातात घेतलंत तर १.१ किलो भरतं. गोठतं शून्याला नाही, ३.८ अंशांना. आणि त्याचा बर्फाचा खडा साध्या पाण्याच्या ग्लासात टाकला तर तळाशी जाऊन बसतो! मी हे एमएस्सीला असताना पाहिलंय. आम्हाला एनएमआरच्या (रेणूची रचना ओळखायची चुंबकीय तपासणी) सॅम्पलसाठी डीटूओ मिळायचं, एका नळीला अर्धा-पाऊण मिलिलिटर. गाईड सर ते अत्तरासारखं मोजून द्यायचे. एकदा उरलेलं पाच-सहा मिलिलिटर आम्ही फ्रिजरमध्ये ठेवलं आणि तो खडा चहाच्या ग्लासातल्या पाण्यात सोडला. बुडबुड न करता सरळ खाली गेला. माहिती असूनही अंगावर काटा आला. बर्फ बुडताना बघायची डोळ्यांना सवयच नसते.

आता गुन्हा कबूल करते. त्याच दिवशी मी एक थेंब जिभेवर ठेवला. (मुलांनो, प्रयोगशाळेतली कुठलीही बाटली चाखायची नसते. मी मूर्ख होते.) मला ते किंचित गोड लागलं. साखरेसारखं नाही, काकडी खाल्ल्यावर पाणी प्यायलं की लागतं तसं. मैत्रिणींनी वेड्यात काढलं, कारण १९३५ मध्येच खुद्द हॅरल्ड युरी ह्यांनी, ज्यांनी १९३१ मध्ये ड्युटेरियम शोधलं त्यांनीच, चवीत फरक नाही असं छापलं होतं. नोबेलवाला एकीकडे आणि मी एकीकडे. पण २०२१ मध्ये प्राग आणि जेरुसलेमच्या संशोधकांनी नीट चाचण्या घेऊन दाखवलं की जड पाणी माणसाला खरंच गोडसर लागतं. जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकालाच (रिसेप्टरला) ते चेतवतं, आणि ते ग्राहक अडवणारं द्रव्य सोबत दिलं की गोडवा जातो. उंदरांना मात्र काही फरक कळत नाही. मी तो पेपर सगळ्या मैत्रिणींना पाठवला. एकीनेही माफी मागितली नाही.

वसुधा_ल
वा! गोड निघालं म्हणजे. पण मग उंदीर का मरतात?

रेणू_रसायन
ते सांगायचं राहिलंच.

शुद्ध जड पाणी पहिल्यांदा हाती आलं ते १९३३ मध्ये, बर्कलीच्या गिल्बर्ट न्यूटन लुईस ह्यांच्या. त्यांनी त्यात तंबाखूचं बी भिजत घातलं, ते रुजलं नाही. मग एका छोट्या उंदराला पाजून पाहिलं. ग्रॅमभरही नव्हतं, पण त्या वेळी जगातल्या साठ्याच्या मानाने ती चैनच होती. उंदीर मेला नाही. चेकाळला, पिंजऱ्याची काच चाटत सुटला, आणि जितकं पाजावं तितका तहानलेला. एका उंदरावरून कसलाही निष्कर्ष निघत नाही हे उघड आहे, पण लुईस ह्यांच्याजवळ दुसऱ्या उंदरापुरतं पाणी नव्हतं.

पुढे पाणी मुबलक झाल्यावर उंदीर, घुशी, कुत्रे ह्यांच्यावर भरपूर काम झालं. शरीरातल्या एकूण पाण्यापैकी किती हिस्सा बदलला, त्यावर सगळं ठरतं. पाचवा हिस्सा होईपर्यंत प्राणी बरेचसे ठीक असतात. पाव हिस्सा झाला की वंध्यत्व येतं, कधीकधी कायमचं. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास खाणंपिणं सुटतं, झटके येतात. निम्म्याला पोचलं की खेळ संपला.

कारण म्हणाल तर विषासारखं ते कुठल्या एका अवयवाला चावत नाही. ड्युटेरियमचा बंध साध्या हायड्रोजनच्या बंधापेक्षा थोडा चिवट असतो, तुटायला वेळ लावतो. काही अभिक्रिया सहा-सात पटींनी मंदावतात, काही जेमतेम. पेशीत हजारो अभिक्रिया एकमेकींच्या तालावर चालतात, आणि इथे प्रत्येक वादक वेगवेगळ्या लयीत जातो. शरीराच्या चोवीस तासांच्या घड्याळाचंही तेच. जड पाणी पाजलेल्या प्राण्यांचा दिवस लांबतो. माश्यांपासून हॅमस्टरपर्यंत अनेकांमध्ये हे दिसलंय.

खडूस_काका
म्हणजे सरकारी कचेरीत पिण्याच्या पाण्याची चौकशी व्हायला हवी.

नाडीपरीक्षा
डॉक्टर म्हणून थोडी भर घालतो.

प्राण्यांचा मृत्यू कसा होतो हे वाचलं तेव्हा मी चमकलो, कारण ते चित्र आम्ही केमोथेरपीत पाहतो. ज्या पेशी सतत विभागत असतात त्या आधी कोलमडतात. अस्थिमज्जा थांबली की रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग, आतड्याचं अस्तर नव्याने तयार होईना की जुलाब आणि शरीर कोरडं. जास्त किरणोत्सर्ग लागलेल्या माणसाचंही असंच होतं, त्यामुळे लोकांची समजूत पक्की होते की जड पाणी किरणोत्सर्गीच असणार. लक्षणं सारखी, कारण निराळं.

पेशी विभागताना तिच्यात तात्पुरती दोरखंडं उभी राहतात, ती गुणसूत्रं दोन्हीकडे ओढून नेतात. ही दोरखंडं बांधायची आणि पुन्हा सोडायची, दोन्ही कामं वेळेवर व्हावी लागतात. जड पाण्यात ती बांधलेलीच राहतात. पॅक्लिटॅक्सेल नावाचं कॅन्सरचं औषधही त्यांना असंच थिजवतं. मग कुणाच्याही मनात येईल की जड पाण्याने कॅन्सर बरा करावा. करून पाहिलंय, प्राण्यांवर. गाठीला मारायला जेवढं लागतं तेवढ्यात प्राण्याचीही वाट लागते.

जिवाणू मात्र चिवट. ई-कोलाय जवळपास शुद्ध जड पाण्यातही हळूहळू का होईना वाढतो. अमेरिकेत आर्गोन प्रयोगशाळेत जोसेफ कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्खी शेवाळं जड पाण्यावर पोसली होती, साधा हायड्रोजन जवळपास नाहीच. आपल्यासारखे गुंतागुंतीचे जीव तेवढे पटकन अडखळतात.

आता वसुधाताईंच्या मुलासाठी. एक ग्लास पिऊन काहीही होत नाही. मी हे नुसतं पुस्तकातून सांगत नाही. शिकत असताना एका अभ्यासात मी मदतनीस होतो, बाळाला आईचं दूध दिवसाला नेमकं किती मिळतं ते मोजायचं होतं. आईला ३० ग्रॅम जड पाणी द्यायचं. बाटली तराजूवर दशांशापर्यंत तोललेली, आई स्ट्रॉने पिणार, मग बाटलीत साधं पाणी घालून विसळून तेही पिणार, थेंब वाया जाता कामा नये. पुढचे चौदा दिवस आईची आणि बाळाची लाळ कापसाच्या बोळ्यावर घ्यायची. आईच्या अंगातून ड्युटेरियम उतरत जातं, बाळाच्या अंगात आधी चढतं आणि मग उतरतं, त्यावरून दूध किती गेलं ते काढता येतं. एका बाईने मला विचारलं होतं, "ह्याने दूध वाढतं का?" नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. तान्ह्या बाळांच्या घरात हे पाणी चालतं, ह्यातच त्याच्या सुरक्षिततेबद्दल आलं.

हिशेबी
मला आकडे हवेत. माणसाच्या अंगात ४२ लिटर, रोजची ये-जा ३ लिटर. बाकी सगळं सोडून फक्त जड पाणी प्यायलं तर २० टक्के व्हायला साधारण तीन दिवस, ५० टक्के व्हायला दहा दिवस. बरोबर?

रेणू_रसायन
गणित बरोबर, माणूस चुकीचा. तुमचा माणूस जेवत नाही का? तीन लिटरमधलं लिटरभर तरी वरणातून, भाजीतून, भाकरीतून येतं आणि थोडं अन्न जाळून शरीर स्वतःच बनवतं. ते सगळं साधं पाणी. म्हणजे रोज दोनच लिटर जड.

हिशेबी
मान्य. परत मांडतो. दोन लिटर जड, एक साधं. २० टक्क्यांना पाच दिवस आणि दहा लिटर. ५० टक्क्यांना एकोणीस-वीस दिवस आणि जवळपास चाळीस लिटर. आणि कितीही प्यायलं तरी दोन तृतीयांशाच्या वर जाणारच नाही. एका ग्लासाने फक्त अर्धा टक्का बदलतो.

पण मग घुशी आठवड्यातच कशा मरतात?

नाडीपरीक्षा
छोटा देह, पाण्याची ये-जा वेगवान. घुशीच्या अंगातलं पाणी आपल्यापेक्षा कितीतरी लवकर बदलतं.

तुमच्या तीन लिटरांच्या हिशेबाने निम्मं पाणी बदलायला सुमारे दहा दिवस लागतात, बरोबर? हे १९३४ मध्येच मोजलं गेलंय, तेही जड पाण्यानेच. जॉर्ज द हेवेशी आणि होफर ह्यांनी खूप पातळ केलेलं जड पाणी पाजून लघवी तपासली आणि दाखवलं की पाण्याचा रेणू माणसाच्या अंगात सरासरी तेरा दिवसांच्या आसपास मुक्काम करतो, निम्मं जायला नऊ दिवस. त्याआधी पाणी आज प्यायलं, उद्या गेलं, अशीच बहुतेकांची कल्पना. १९३५ मध्ये ऑस्लोचे औषधशास्त्रज्ञ क्लाऊस हान्सन ह्यांनी तर शुद्ध जड पाणी १० ग्रॅम पिऊन दाखवलं. लोक विषबाधेची वाट बघत बसले, ह्यांना काही झालं नाही. आता वर रेणूताईंचा आकडा बघा, सात ग्रॅम तर अंगात आधीच होतं.

थळकर
उशिरा आलो. मी रायगडचा. थळच्या हेवी वॉटर प्लांटमध्ये बरीच वर्षं काढली, आता निवृत्त.

इथे सगळे पिण्याबद्दल बोलताहेत. आम्ही जन्मभर बनवलं, पण कुणी प्यायल्याचं ऐकलं नाही. एवढं महाग पाणी कोण पिणार? अणुवीज केंद्रात हवेत उडालेली त्याची वाफसुद्धा ड्रायर लावून परत गोळा करतात. ड्रमला हवाबंद ठेवायचं, कारण हवेतली ओल त्यात मिसळली की प्रत घसरते.

थळला ते पाण्यापासून बनत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शेजारी आरसीएफचा खताचा कारखाना आहे. अमोनिया बनवायला जो वायू त्यांच्याकडे तयार होतो तो आमच्याकडे यायचा, आम्ही त्यातलं ड्युटेरियम द्रवरूप अमोनियात उतरवून घ्यायचो आणि वायू परत त्यांना द्यायचो. म्हणजे वसुधाताई, तुमच्या शेतात थळचा युरिया पडला असेल तर त्यात ड्युटेरियम कमी होतं. आम्ही आधीच काढून घेतलेलं!

कामावर भीती वाटायची ती अमोनियाची आणि हायड्रोजनची. तेलंगणात मणुगुरूला हायड्रोजन सल्फाइडवर चालतं, तिथे तर आणखी जपून. जड पाण्याची भीती कुणालाच नव्हती. गावातल्या लोकांना मात्र प्लांटचं नाव ऐकूनच धाकधूक. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी मला विचारलं होतं, "तुम्ही अणूचं काम करता, मूलबाळ होईल ना?" दोन मुलं आहेत. एकाने तर केमिकलच केलं.

कारवारी
थळकरकाकांचं पाणी कोरं असतं. अणुभट्टीत जाऊन आल्यावर त्याचं काय होतं तेही सांगायला हवं, कारण हा विषय आमच्या दारात घडून गेलाय.

भट्टीत न्यूट्रॉनचा मारा सोसता सोसता जड पाण्यातल्या काही ड्युटेरियमला आणखी एक न्यूट्रॉन चिकटतो आणि ट्रिशियम तयार होतं. ते किरणोत्सर्गी, अर्धायुष्य १२.३ वर्षं. भट्टीत वापरलेलं जड पाणी प्यायचं नाही ते ह्या ट्रिशियममुळे. ड्युटेरियमचा त्यात काही दोष नाही.

नोव्हेंबर २००९, कैगा अणुवीज केंद्र. कारवारहून आत, काळी नदीच्या काठी. कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत अचानक ट्रिशियम जास्त दिसायला लागलं. एकाच्या नाही, पन्नासएक जणांच्या. भट्टीत गळती नव्हती. शोधत गेले तर उगम सापडला पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये. कुणीतरी ट्रिशियमवालं जड पाणी त्यात मुद्दाम टाकलं होतं. तेव्हा टाऊनशिपमध्ये आमच्या ओळखीचे लोक होते, महिनाभर दुसरा विषय नव्हता. घरी बायका नवऱ्यांना विचारायच्या, तू कुठल्या कूलरचं पाणी प्यायलास? कॅनडातही १९९० मध्ये पॉइंट लप्रो केंद्रात असाच प्रकार झाला होता, तिथे आठ जण प्यायले.

नाडीपरीक्षा
ट्रिशियमचा बीटा किरण इतका दुबळा असतो की कातडीसुद्धा ओलांडत नाही. बाहेर आहे तोवर काही नाही, पोटात गेला की प्रश्न. पण तो पाण्याच्याच रूपात असल्यामुळे पाण्याच्याच वाटेने बाहेर पडतो. हेवेशींचे ते नऊ-दहा दिवस इथे कामाला येतात. उपचारही साधा, भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी वाढवणारं औषध घ्यायचं, म्हणजे मुक्काम कमी होतो. कैग्यात हेच केलं.

वसुधा_ल
बापरे. म्हणजे तारापूरवाल्यांनाही असं?

थळकर
तारापूरचे पहिले दोन रिअॅक्टर साध्या पाण्यावर चालणारे. तिसरा आणि चौथा जड पाण्यावर. जिथे जड पाणी तिथे कर्मचाऱ्यांच्या लघवीची नियमित तपासणी असतेच. कैग्यातला प्रकार उघडकीला आला तो त्या तपासणीमुळेच.

निरामय_जल
इथे सगळे जड पाणी निरुपद्रवी असल्याचं सांगत आहेत. प्रत्यक्षात ड्युटेरियम हेच वार्धक्य आणि कॅन्सरचं मूळ आहे. परदेशात लोक ड्युटेरियम काढलेलं पाणी पितात. मी सहा महिने पितोय, ऊर्जा वाढली, झोप सुधारली. हवं असल्यास व्यक्तिगत संदेश करा.

खडूस_काका
आला रे आला, दुकान घेऊन आला.

रेणू_रसायन
साहेब, निसर्गातलं प्रमाण दहा लाखांत १५६ च्या आसपास. प्राण्यांना त्रास सुरू होतो तो दोन-अडीच लाखांना. मधला फरक हजार पटींहून जास्त आहे. प्रयोगशाळेत पेशींवर कुणी काहीतरी पाहिलं असेल, पण त्यावरून बाटली विकायला काढणं म्हणजे लुईसच्या एका उंदरावर दुकान थाटणं. झोप सुधारली असेल तर आनंद आहे. एवढे पैसे देऊन पाणी घेतल्यावर माणूस चहा कमी करत असावा.

ड्युटेरियमचा औषधात खरा उपयोग वेगळाच आहे. औषधाच्या रेणूत नेमक्या जागी हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम बसवायचं, म्हणजे यकृताला ते मोडायला वेळ लागतो आणि गोळी जास्त वेळ टिकते. हंटिंग्टन ह्या मेंदूच्या रोगातल्या आपोआप होणाऱ्या हालचालींवरच्या ड्युटेट्राबेनाझिनला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ह्या जातीचं ते पहिलं औषध. ज्या चिवटपणाने उंदीर मरतो तोच इथे कामाला लावलाय.

निरामय_जल
तुम्ही लोक अॅलोपॅथीच्या प्रभावाखाली आहात.

खडूस_काका
मी सध्या वेगळ्याच प्रभावाखाली आहे, शनिवार आहे. तेवढ्यावरून प्रश्न. जड पाण्याने गरगरतं असं कुठेतरी वाचलं. खरं का?

नाडीपरीक्षा
काका, तुमच्याच सोयीचं संशोधन आहे. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये द्रव असतो आणि त्यात जेलीसारखा एक पडदा. दोघांची घनता सारखी, म्हणून डोकं स्थिर असताना पडदा हलत नाही. दारू आधी पडद्यात शिरते, तो हलका होतो, तरंगायला बघतो, आणि आडवं पडलं की खोली फिरते. जड पाण्याने उलट होतं. पडदा जड होऊन खाली झुकतो, खोली फिरते पण डोळे उलट्या दिशेने झटके देतात. १९७४ मध्ये 'नेचर'मध्ये मनी आणि माइल्स ह्यांनी हे छापलं. शंभर-दोनशे ग्रॅम पुरतं. आणि त्यांनी दोन्ही एकत्र देऊनही पाहिलं, तर गरगरणं एकमेकांना बरंचसं छेद देतं.

खडूस_काका
म्हणजे सोड्याऐवजी डीटूओ! थळकर, एखादा ड्रम?

थळकर
रिटायर झालो म्हटलं ना. आणि पेगपेक्षा पाणी महाग पडेल.

हिशेबी
शेवटची शंका. मग माणसात २५ टक्क्यांना नक्की काय होतं?

नाडीपरीक्षा
ते कुणी करून पाहिलेलं नाही आणि पाहूही नये. प्राण्यांवरून अंदाज बांधायचा. दहा लिटर जड पाणी विकत घेऊन पाच दिवस दुसरं काही न पिणारा माणूस निघाला, तर त्याला आधी माझ्याकडे नाही, माझ्या मानसोपचारतज्ज्ञ मित्राकडे पाठवा. आणि चुकून असं झालंच तर उपाय सोपा आहे. साधं पाणी प्यायला सुरुवात करायची. निसटत जातं.

वसुधा_ल
सगळ्यांचे आभार. घरची बातमी देते.

पाणी तपासून आणलं. कठीणपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम. मानकाप्रमाणे २०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे आमचं त्याही वर. पिण्यासाठी आणि डाळीसाठी शेजारच्या विहिरीचं आणतोय. त्या पाण्यात परवा तीन शिट्ट्यांत डाळ मेणासारखी शिजली. सासूबाईंनी झाकण उघडून मुलाला दाखवली, तोंडाने काही बोलल्या नाहीत.

मुलाने हा धागा वरपासून खालपर्यंत वाचला. एका ग्लासात खलासचा दावा मागे घेतलाय. फ्रिजरमधला प्रत्येक बर्फाचा खडा आता पाण्यात टाकून बघतो, तरंगला की नाराज होतो. काल वही घेऊन आजीजवळ बसला. आजीचं वजन ४८ किलो, वयामुळे अंगात पाणी निम्मंच धरायचं, २४ लिटर, वगैरे वगैरे. मग मोठ्या थाटात सांगितलं, "आजी, तुझ्या अंगात चार ग्रॅम जड पाणी आहे. अणुभट्टीतलं असतं तसलं."

सासूबाई शेंगा फोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तरीच गुडघं दुखत्यात."